कथकच्या पायांनी फ्लामेंको शिकताना: बारा मात्रा, पण विसावा दहाव्यावर

प्रश्न थोडक्यात असा: आठ-नऊ वर्षं कथक झालं आहे आणि गेलं वर्षभर ऑनलाइन फ्लामेंको शिकणं चालू आहे. पायांचं काम पटकन जमलं, पण गाणं सुरू झालं की मात्रा हरवते. बारा मात्रांत सम नेमकी कुठे धरायची? घरच्या सरावासाठी बूट आणि फरशी यांचं काय करायचं? आणि फ्लामेंको मुळात कथकमधूनच निघालं, हे खरं का?

पाय पटकन जमले, अडचण तिथूनच सुरू झाली आहे. कथक झालेल्या माणसाच्या अंगात तत्कार, म्हणजे पायांचं काम, मुरलेला असतो. फ्लामेंको बघताना त्याची नजर आपोआप पायांवर जाते आणि शिकण्याचा क्रम उलटा होतो. ही कला दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातली. तिथे क्रम पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे: आधी कांते, म्हणजे गाणं, मग तोके, म्हणजे गिटार, आणि त्यानंतर बाइले, म्हणजे नाच. नाचणारा गाणाऱ्याला उत्तर देत असतो. गाणं काय म्हणतंय, कुठे थांबतंय हे कळलं नाही, तर पाय कितीही स्वच्छ वाजले तरी ते उत्तर कशाचं, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे हरवलेली मात्रा पायांत शोधून सापडणार नाही. ती टाळीत आणि कानात बसवावी लागते.

आधी दोन शब्द पक्के करू. ‘पालो’ म्हणजे गाण्याचा प्रकार: सोलेआ, अलेग्रिआस, बुलेरिआस, तांगोस, सेगिरीया वगैरे. पालो ठरला की स्वरांचा रंग, चाल, कवितेची घडण, नाचाचा आराखडा हे सगळं बऱ्यापैकी ठरतं. ‘कोंपास’ म्हणजे तालाचं आवर्तन, आणि ते आवर्तन अंगात असणं यालाही हाच शब्द. एखाद्याला ‘कोंपास नाही’ असं म्हटलं की विषय संपला. तिथे याहून कडक शेरा नाही.

सोलेआ, अलेग्रिआस आणि बुलेरिआस या तिन्हींचं आवर्तन बारा मात्रांचं. वजन येतं ३, ६, ८, १० आणि १२ वर. कथकवाल्याची पहिली चूक इथेच होते. बारा मात्रा म्हटलं की तो एकताल समजून १ वर सम ठेवतो. फ्लामेंकोत १ ला ते मोल नाही. वाक्य पूर्ण होतं १० वर. गिटार तिथे विसावते, नाचणारा तिथे तोडतो, टाळ्या देणारे तिथे ‘ओले’ म्हणतात. ११ आणि १२ म्हणजे श्वास. समेच्या सवयीने तुम्ही १ वर जाऊन आदळलात, तर सगळ्यांचं बोलणं संपून तीन मात्रा झालेल्या असतात. गाणाऱ्याने तोवर पुढची ओळ उचललेली असते आणि तुमचा ठोका नेमका तिच्या पहिल्या अक्षरावर पडतो. गाणं आलं की हरवायला होतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे एवढंच असतं.

आंदालुसियातले लोक मोजतात तेव्हा अकरा-बारा म्हणत नाहीत. ‘दिएस’ म्हणजे दहा झालं की पुन्हा ‘ऊन, दोस’, म्हणजे एक, दोन. कारण ‘ओन्से’ आणि ‘दोसे’ हे शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत, जलद लयीत जिभेवर अडकतात. मराठीत ‘अकरा, बारा’ची तीच गत. तेव्हा मोजताना ‘आठ, नऊ, दहा, एक, दोन’ असंच म्हणा. दहावर वाक्य संपतं हे त्या मोजण्यातूनच कानाला कळायला लागतं.

दहाचा विसावा स्वरांतूनही ऐकू येतो, आणि हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला तो ओळखणं सोपं जातं. सोलेआची गिटार बहुधा ‘पोर आरीबा’ वाजते, म्हणजे ई हा सूर षड्ज. ए मायनर, जी, एफ, ई ही सुरावटींची, म्हणजे कॉर्डची, जी प्रसिद्ध उतरण आहे, तिचे मूळ स्वर बघा: मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज. भैरवीच्या उतरणीतला हाच तुकडा. फरक असा की षड्जावर पोचल्यावर त्या सुरावटीत शुद्ध गंधार लागतो, त्यामुळे अंधाऱ्या जिन्यातून उतरून उजेडात आल्यासारखं वाटतं. सोलेआच्या साध्या आवर्तनात ३ वर कोमल रिषभाची, म्हणजे एफची सुरावट येते आणि १० वर षड्ज. आकडे विसरा, डोळे मिटा आणि ‘रिषभ कधी, षड्ज कधी’ एवढंच धरून अर्धा तास सोलेआची गिटार ऐका. दहा कुठे आहे हे नंतर कोणी सांगावं लागत नाही. अलेग्रिआस मात्र शुद्ध स्वरांचं, मोकळ्या उजेडाचं असतं. तिथे ही खूण चालत नाही. घर गाठल्याची जाणीव मात्र तशीच दहावर होते.

आता वजनाची वाटणी. यासाठी आपल्याकडे आयते बोल आहेत. बुलेरिआस १२ पासून मोजतात: १२ १ २ | ३ ४ ५ | ६ ७ | ८ ९ | १० ११. म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. तोंडाने म्हणा: तकिट तकिट तक तक तक. प्रत्येक गटाचा पहिला ‘त’ म्हणजे १२, ३, ६, ८, १०. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन असे असमान विभाग तुमच्या अंगवळणी आहेत, त्यामुळे हे असमान गट परके वाटणार नाहीत. सोलेआत वजनाच्या जागा त्याच, पण मोजणी १ पासून, त्यामुळे वजन गटाच्या शेवटी येतं: एक दोन तीन, चार पाच सहा, सात आठ, नऊ दहा, एक दोन, आणि जोर तीन, सहा, आठ, दहा आणि शेवटच्या ‘दोन’वर. सेगिरीयात हीच माळ फिरवून ८ पासून धरतात: तक तक तकिट तकिट तक. मणी तेच, गाठ वेगळ्या जागी. सेगिरीया मोजताना बारा आकडे कोणी मोजत नाही. दोन आखूड, दोन लांब, एक आखूड असे पाचच ठोके धरतात. तो पालो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. लय संथ असल्यामुळे सोपा वाटतो, पण लांब ठोके रिकामे ठेवायचं धैर्य लागतं आणि नवीन माणूस ते भरून टाकतो.

तुमच्या एकतालाचा उपयोग होतो तो पायात. मुरलेले टाळ्या देणारे बुलेरिआसला पायाचा ठेका दर दोन मात्रांना ठेवतात: १२, २, ४, ६, ८, १०. हे एकतालाचे सहा विभागच झाले. त्यावर हाताने १२, ३, ६, ८, १० वाजवा. नीट पाहिलंत तर १२, ६, ८ आणि १० या चार जागी हात आणि पाय एकत्र पडतात. एकटी ३ ची टाळी पायाच्या दोन ठेक्यांच्या बरोबर मध्ये जाते. बुलेरिआसचा सगळा झोका त्या एका टाळीत आहे. ती २ वर ओढली गेली किंवा ४ कडे ढकलली गेली की चाल मोडते. लय आधी मिनिटाला १०० मात्रा ठेवा. ३ ची टाळी सलग वीस आवर्तनं जागेवर पडली की दहाने वाढवा. खरी बुलेरिआस साधारण दोनशेच्या पुढे चालते. तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तर ते सावकाश म्हणू नका.

टाळ्या, म्हणजे पाल्मास, हे स्वतंत्र वाद्य आहे. त्यांचे दोन प्रकार. ‘क्लारास’, म्हणजे कोरड्या, तीक्ष्ण: उजव्या हाताची मधली बोटं जुळवून डाव्या तळव्याच्या खोलगट भागावर मारायची. ‘सोर्दास’, म्हणजे बंद: दोन्ही तळवे किंचित पोकळ करून एकमेकांत आडवे बसवायचे, आवाज भरीव आणि दबका. गाणं चालू असताना सोर्दास, पायांचं काम आणि शेवटची चढण असताना क्लारास. प्रेक्षक वाजवतात तशी पंजावर पंजा आपटणारी टाळी दोन्हींतही बसत नाही. ती लांबते आणि गाणाऱ्याच्या शब्दांवर पडते. पहिले सहा आठवडे रोज पंधरा मिनिटं फक्त टाळ्या करा, पाय बंद. आधी बाराही मात्रा वाजवून वजनाच्या जागी जोर द्या, मग फक्त वजनाच्या जागा, मग फक्त ११, १२ गाळून. ‘कोंत्रातिएंपो’, म्हणजे दोन मात्रांमधल्या फटीत पडणारी टाळी, सगळ्यात शेवटी. तिथे सोबत मूळ टाळी धरणारा दुसरा माणूस हवा.

ऑनलाइन वर्गात एक तांत्रिक खोडा आहे. व्हिडिओवर आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून शिक्षकाबरोबर एकाच वेळी टाळी वाजवणं शक्यच नाही. तुम्हाला बरोबर वाटतं आणि त्यांना उशिरा ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणून हळूहळू मागे-पुढे सरकत राहिलात तर सवयच चुकीची लागते. वर्गात तुमचा माइक बंद ठेवा, टाळी ध्वनिमुद्रित कोंपासावर करा आणि तुमचं मुद्रण शिक्षकांना पाठवा. मोबाइल जमिनीवर न ठेवता छातीच्या उंचीवर, दीड-दोन मीटर लांब ठेवा. जमिनीवर ठेवला की पायाचे धक्के टाळीला गिळतात.

आता गाणं आल्यावर काय करायचं ते. सोलेआच्या नाचाचा आराखडा ढोबळमानाने असा: गिटारची सुरुवात, गाणाऱ्याची ‘आय’ अशी आवाज लावणारी हाक, नाचणाऱ्याचा प्रवेश, ‘यामादा’, मग ‘लेत्रा’ म्हणजे गाण्याचं कडवं, पुन्हा यामादा, दुसरी लेत्रा, मग ‘एस्कोबिया’ म्हणजे पायांच्या कामाचा लांब भाग, त्यातून लय चढवत नेऊन शेवटी बुलेरिआस. अलेग्रिआसमध्ये मधे ‘सिलेन्सिओ’ येतो: गाणं थांबतं, गिटार शुद्ध स्वरांतून मायनरमध्ये उतरते आणि नाचणारा हात आणि धड यांच्यावरच तो भाग पेलतो.

यामादा या शब्दाचा अर्थ हाक. गाणाऱ्याला ‘ये आता’ असं सांगण्याची ती नाचणाऱ्याची भाषा. जवळून बघू. एक आवर्तन घ्या. १, २, ३ वर भरीव पावलं, अंग गाणाऱ्याकडे वळलेलं. ४ ते ६ मध्ये पसारा वाढतो. ७, ८, ९ चढतात आणि १० ला पूर्ण पायाचा ठोका देऊन थांबायचं. मग ११ आणि १२ वर काहीही नाही. खांदा हलवायचा नाही, केस सारखे करायचे नाहीत, पुढचं पाऊल उचलायचं नाही. त्या दोन मात्रांच्या शांततेत गाणारा श्वास घेतो. तुम्ही तिथे अजून दोन ठोके घातलेत, तर तुमचं बोलणं संपलं की नाही हे त्याला कळत नाही. तो वाट बघतो, तुम्ही त्याची वाट बघता आणि एक अख्खं आवर्तन वाया जातं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे यामादा पुटपुटल्यासारखी करणं. आवाज, आकार आणि थांबणं, तिन्ही स्पष्ट असल्याशिवाय मंचावरच्या कोणालाही ती हाक वाटत नाही.

लेत्रा चालू झाली की पाय बंद. सोलेआची लेत्रा तीन किंवा चार ओळींची, ओळीत साधारण आठ अक्षरं. गाणारा ओळी परत परत घेतो, त्यामुळे ती चार-सहा आवर्तनं चालते. नेमकी किती, ते गाणाऱ्यावर. म्हणून लेत्रेवर मोजून बसवलेला नाच पाठ करणं धोक्याचं. या काळात करायचं ते ‘मार्काहे’: चालीने तोल बदलत राहणं, हात, मान, धड. पहिल्या दोन ओळींनंतर गाणारा बहुधा श्वास घ्यायला जागा सोडतो. त्या जागेत तुमचं उत्तर, म्हणजे ‘रेमाते’, येतं. रेमाते आपल्या तुकड्यासारखा असतो, पण फार छोटा. कित्येकदा फक्त ७-८-९-१० एवढाच.

तिहाईचा, म्हणजे एकच पल्ला तीनदा घेऊन समेवर येण्याचा, मोह आवरायला हवा, आणि का ते गणितातूनच दिसतं. १२ पासून १० पर्यंत अकरा मात्रा होतात. तीन मात्रांचा पल्ला तीनदा आणि मधे एक-एक मात्रेचा दम: नऊ अधिक दोन, अकरा. हिशेब चोख बसतो. पण पल्ले संपतात २, ६ आणि १० वर. ६ आणि १० ठीक, २ मात्र कोणाच्याच कानाला ओळखीची जागा नाही. टाळ्या देणाऱ्यांचं वजन ३ वर आहे. म्हणजे पहिल्याच पल्ल्याला सगळा संच बिचकतो. कथकमध्ये तालाच्या वजनाला आडवं जाऊन समेवर भेटणं यात आनंद आहे, फ्लामेंकोत वजनावर बसून ते अधिक खोल करण्यात आहे. अनुभवी नर्तक उलट जागांवरही खेळतात, पण संचाला त्यांची खात्री असते म्हणून. पहिली दोन वर्षं १० च्या आधीच्या तीन मात्रांपुरतंच बोला.

अंगाच्या बाबतीत तीन सवयी सोडाव्या लागतात. कथकमध्ये गुडघे सरळ आणि तळवा सपाट. इथे गुडघे कायम किंचित वाकलेले, वजन खाली, आणि एका पायातून वेगवेगळे आवाज: ‘प्लांता’ म्हणजे चवडा, ‘ताकोन’ म्हणजे टाच, ‘पुंता’ म्हणजे मागे टेकलेलं टोक, ‘गोल्पे’ म्हणजे पूर्ण तळवा. गोल्पे तुम्हाला येतोच. चुकतं ते टाच मारताना: सगळा पाय गुडघ्यातून उचलला जातो, मग धड हलतं आणि दुसऱ्या दिवशी नडगी दुखते. चवडा जमिनीवर टेकलेला ठेवून घोट्यातून टाच सोडायची. आरशावर डोक्याच्या उंचीला एक चिकटपट्टी लावा. पाय वाजताना डोकं तिच्या वर-खाली होता कामा नये. चवडा-टाच, चवडा-टाच हे मिनिटाला ६० च्या लयीवर करून मुद्रित करा आणि डोळे मिटून ऐका. चारही आवाज सारख्या वजनाचे हवेत. एखादा पडेल असला की वेग वाढवायचा नाही.

दुसरी सवय हातांची. फ्लामेंकोत हस्तमुद्रा नाहीत. ‘फ्लोरेओ’ म्हणजे मनगट फिरताना बोटं एकापाठोपाठ एक उलगडणं आणि मिटणं, त्याला अर्थ जोडलेला नसतो. हातांच्या वाटचालीत, म्हणजे ‘ब्रासेओ’त, कोपर पडू द्यायचं नाही आणि खांदे वर चढू द्यायचे नाहीत. कथकवाल्यांचं मनगट सुंदर फिरतं, पण बोटं पताकात किंवा हंसास्यात जाऊन थांबतात. थांबवू नका.

तिसरी सवय सगळ्यात खोल आहे: अभिनय. ठुमरीत शब्दाचा भाव हातात आणि चेहऱ्यात येतो. लेत्रेत आई गेल्याचं दुःख असेल, तर इथे नाचणारा अश्रू दाखवत नाही, छातीवर हात ठेवत नाही. शब्द गाणाऱ्याचे आहेत. तुमच्याकडे त्याच्या आवाजाचं वजन आहे: तो आवाज ओढतो तिथे तुम्ही ताणता, तो तोडतो तिथे तुम्ही तोडता. कपाळावर आठ्या घालून उसना आणलेला ताठपणा हिंदी चित्रपटांतल्या स्पेनमुळे आपल्याकडे रुजला आहे. तो आणायची काही गरज नाही.

बुटांविषयी. टॅप नृत्याचे बूट घेऊ नका. त्यांना धातूची पट्टी असते आणि ती खणखणते. फ्लामेंकोच्या बुटाच्या चवड्याखाली आणि टाचेखाली छोटे खिळे दाटीने ठोकलेले असतात, आवाज भरीव येतो. बायकांच्या बुटाची टाच साधारण पाच ते सहा सेंटिमीटर. बूट आवळ हवा. पाय आत सरकला तर टाचेचा ठोका उशिरा पडतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. दर आठवड्याला खिळे तपासा, एखादा वर आला असेल तर हातोडीने बसवा, नाहीतर तो फळीत अडकून घोटा मुरगळतो. आपल्या पावसाळ्यात खिळे गंजतात आणि चामड्याला बुरशी येते. सरावानंतर बूट पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, बंद पिशवीत ठेवू नका. आणि घुंगरू अजिबात नकोत. त्यांच्या नादात प्लांता आणि ताकोन यांतला फरकच ऐकू येत नाही.

फरशीवर कधीही नाही. शहाबादी असो, ग्रॅनाइट असो की व्हिट्रिफाइड टाइल, ती धक्का परत पायात पाठवते. आधी नडगी, मग गुडघा, मग कंबर असा त्रास चढत जातो, आणि खिळ्यांनी टाइलही फुटते. सुताराकडून तीन बाय चार फुटांची फळी करून घ्या: वर १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय, खाली साधारण फुटाफुटावर दोन इंची लाकडी पट्ट्या, आणि पट्ट्यांखाली रबराचे तुकडे. प्लाय थेट फरशीवर टाकला तर आवाज येईल, पण लवचिकपणा येणार नाही, पट्ट्या त्यासाठीच. वर पॉलिश करू नका, पाय घसरतो. वर्षभरात पृष्ठभाग खडबडीत झाला की प्लाय काढून उलटा ठोकायचा. पहिले दोन महिने बुटात सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त काम नको. टाचेमुळे सगळा भार चवड्यावर येतो आणि पोटरीला त्याची सवय नसते.

राहिला उगमाचा प्रश्न. ही समजूत येते ती फ्लामेंकोशी जोडलेल्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांमुळे. त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, हे भाषेवरून आणि जनुकांवरून पक्कं आहे. स्पेनमध्ये त्यांची पहिली कागदोपत्री नोंद १४२५ सालची, आरागोनच्या राजाने दिलेल्या परवान्यात. तिथे त्यांना हितानो म्हणतात. त्यांच्या ‘कालो’ बोलीत पाण्याला ‘पान्यी’ आणि दुःखाला ‘दुका’ किंवा ‘दुकेला’ म्हणतात, आणि हे दुकेला जुन्या लेत्रांमध्ये गायलं जातं. आजच्या बोली स्पॅनिशमध्ये पोराला ‘चावाल’ म्हणतात, तोही रोमा भाषेतला शब्द, आपल्या ‘छाव्या’च्या नात्यातला. मराठी कानाला हे ऐकताना गलबलून येतं आणि त्यात गैर काही नाही.

पण यावरून फ्लामेंको कथकमधून निघालं असं म्हणता येत नाही. कथकचं आजचं रूप, म्हणजे लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत घडलेलं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं आहे. फ्लामेंकोही त्याच सुमारास खालच्या आंदालुसियात, कादिस, हेरेस आणि सेवियाच्या त्रियाना वस्तीत, आकाराला आलं. रोमा निघाले तेव्हा यातलं कोणतंच या रूपात नव्हतं. पायांचं काम आणि तालाशी खेळणं दोन्हीकडे आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. फ्लामेंकोच्या घडणीत आंदालुसियातल्या लोकगीतांचा, फांदांगो या नाचगाण्याचा, अरबी अमलाच्या वारशाचा, बंदरांवर आलेल्या आफ्रिकी लोकांच्या ठेक्यांचा आणि अमेरिकेतून परत आलेल्या चालींचा वाटा आहे. एकोणिसाव्या शतकात गाण्याच्या कॅफेंमधून त्याला मंच देणारा गायक सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती हितानो नव्हता, त्याचे वडील इटालियन. ‘मूळ भारतीय’ म्हणण्यातला दुसरा तोटा मला जास्त खुपतो: त्यात स्पेनमधल्या रोमांनी सोसलेली शतकं पुसली जातात. ३० जुलै १७४९ ला राजाज्ञेने त्या देशातले हजारो हितानो, बायका-मुलांसकट, एकाच वेळी पकडले गेले. हातोडी आणि ऐरणीशी जोडलेलं, गिटारशिवाय गायलं जाणारं मार्तिनेते ऐकताना हा इतिहास माहीत असावा. ते गाणं तिथल्या लोहारांच्या आणि तुरुंगांच्या आठवणींचं आहे, राजस्थानचं नाही.

परंपरेबद्दल आणखी एक भाबडी समजूत असते, की जे दिसतं ते सगळं पुरातन. ज्या लाकडी पेटीवर बसून ठेका धरतात ते काहोन पेरू देशातलं; १९७७ च्या सुमारास गिटारवादक पाको दे लुसियाने ते आणलं आणि दहा-पंधरा वर्षांत असं रुजलं की आता ते नसलं तर चुकल्यासारखं वाटतं. कास्तान्येतास, त्या लाकडी टिचक्या, दुसऱ्या स्पॅनिश नृत्यांमधून आलेल्या. पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. सेवियानास चांगलं लोकनृत्य आहे, वर्गात बहुधा सगळ्यात आधी तेच शिकवतात. जरूर शिका, पण त्यात रचना ठरलेली असते, गाणाऱ्याशी बोलणं नसतं.

पुढचं वर्ष असं लावा. पहिले तीन महिने तांगोस. चार मात्रांचं, केरव्यासारखं धरता येतं: पाय १ आणि ३ वर, टाळी २, ३, ४ वर, १ ला टाळी रिकामी. यामादा, लेत्रा, रेमाते ही सगळी भाषा याच सोप्या तालात शिकून घ्या. मग सोलेआ पोर बुलेरिआस, जी सोलेआ आणि बुलेरिआसच्या मधल्या लयीत चालते आणि विचार करायला वेळ देते. मग अलेग्रिआस. गाणं रोज ऐका, आणि ऐकताना नाच बघू नका. सोलेआसाठी फर्नांदा दे उत्रेरा, बुलेरिआससाठी ला पाकेरा दे हेरेस, अलेग्रिआससाठी कादिसचा चानो लोबातो, सेगिरीयासाठी मानुएल आगुहेतास. पास्तोरा पावोन, म्हणजे निन्या दे लोस पेइनेस, कोणत्याही पालोसाठी. एक लेत्रा निवडा, अर्थ समजून घ्या, आणि टाळी देत स्वतः म्हणा. सूर बरा-वाईट कसाही असू दे. ओळ कितव्या मात्रेला सुटते आणि श्वास कुठे आहे हे म्हटल्याशिवाय समजत नाही.

वर्षाअखेर मंचावरचा दहा मिनिटांचा नाच बसवण्यापेक्षा बुलेरिआसची एक ‘पाताईता’ तयार ठेवा. हेरेसमध्ये घरच्या समारंभात घोळक्यातून एकेकजण पुढे येऊन नाचतो, ती ही. मिनिटभराची असते: टाळीत शिरायचं, यामादा करायची, एका लेत्रेवर मार्काहे, तिच्या शेवटी एक रेमाते, आणि चालत परत घोळक्यात. पायांचं काम जवळजवळ नाहीच. ती आरशासमोर तयार करू नका. कोणालातरी समोर बसवून लेत्रा म्हणायला लावा, आणि दर वेळी त्याला एखादी ओळ जास्त घ्यायला किंवा गाळायला सांगा. रेमाते कुठे येणार हे आधी माहीत नसताना तुमचा पाय दहावर पडायला लागला, की पुढची लेत्रा घ्या.